नव्वद भाग पाणी

सोहारच्या बंदरामागे, शेवटच्या गल्लीत
आमचा कारखाना: पत्र्याची एक शेड,
घुसळणाऱ्या दोन टाक्या, एक भट्टी,
आणि ऑगस्टची दमट हवा,
चष्मा पुसला की पुन्हा चष्म्यावर येऊन बसणारी.

दहा भाग तेलकट रसायन, नव्वद भाग पाणी.
मला वाटलं, परकारचाचा उलटं बोलले.
दहात नव्वद कसे मावतील?
"घाई केलीस तर नाही मावत," ते म्हणाले,
आणि नळी एवढीशी उघडली.

पाणी थेंबाथेंबानं. पातं फिरतंय.
आधी ताकासारखं पातळ,
मग दाटत दाटत
उलथन्याला धरून राहील असं,
पांढरंशुभ्र, टांगलेल्या चक्क्यासारखं.
"लोणी यायची वाट बघू नकोस.
ह्या घुसळण्यात लोणी आलं
की बॅच मेली."

तिसऱ्या आठवड्यात माझ्या हातून एक मेली.
सगळं मापून घातलं होतं,
फक्त पाण्यात मीठ घालायला विसरले.
सकाळी साच्यात खाली खळखळ पाणी
आणि वर पिवळट, कडक पापुद्रा.
पगारातून किती कापतील, मी मनात मांडत उभी.
चाचांनी पापुद्र्यावर टिचकी मारली.
"पाणीसुद्धा मिठाला जागतं, पोरी.
मीठ नसलं की थेंब थेंबाला गिळतो."
आणि नोंदवहीत कारण लिहिलं: वीज गेली होती.
आमच्या शेडची वीज कधी जात नाही.
मॅनेजरलाही ते माहीत होतं.

आणि हे पाणी तरी कुठलं?
समुद्रातून उपसलेलं, मीठ काढून
पाइपातून आमच्यापर्यंत आणलेलं,
आणि आम्ही त्यात पुन्हा मोजून मीठ घालतो.
मला हसू आलं. चाचांना नाही आलं.
बावीस वर्षं ते हेच करत होते.

रात्रभर साठ अंशांवर ठोकळे पिकतात.
मग रुळांमधून पिळायचे, धुवायचे, सुकवायचे.
पाणी सगळं निघून जातं.
थेंब होता तिथे खोली उरते,
खोलीला खिडकी, खिडकीपलीकडे खोली.
सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तेव्हा
बार्शीच्या आमच्या न्हाणीघरातलं
गांधीलमाश्यांचं सोडून दिलेलं घर आठवलं,
काडीनं खाली पाडलं
तर पडल्याचा आवाजही न आलेलं.

ह्या ठोकळ्याचंही तसंच.
दोन्ही हातांनी उचलायला जावं
आणि हात आपसूक वर जावेत.
त्यावर निळं पाणी सोडायचं, एक थेंब, हातात स्टॉपवॉच.
बटण दाबेपर्यंत निळा ठिपका आत.
वर कोरडं.

पुढच्या जूनमध्ये चाचांचा व्हिसा संपला,
कंपनीनं नवा काढला नाही.
त्यांची पेटी आम्ही कारखान्याच्या काट्यावर ठेवली:
सुनेसाठी मिक्सर, दोन घोंगड्या, खजूर,
चहाचे सहा पेले, आणि सगळ्या फटींमधून
आमच्याच फोमचे तुकडे ठासलेले.
तीस किलो, दोनशे ग्रॅम.
सगळे म्हणाले, फोम काढा.
"त्याला वजनच कुठंय?" चाचा म्हणाले,
आणि एक पेला काढून माझ्या हातात ठेवला.
काटा तीसच्या जरा खाली आला.

बाणकोटहून त्यांचा आवाज येतो फोनवर, शुक्रवारी.
नातू एका तुकड्यानं पाटी पुसतो म्हणे,
सकाळी भिजवला की शाळा सुटेपर्यंत पुरतो.
बाकी विशेष काही नाही.
गुडघे दुखतात.

आज रात्रीची बॅच माझी.
पेल्यातला चहा निवलाय, पातं फिरतंय,
शेजारी नवा पोरगा, पोखऱ्याचा, टेकबहादुर.
विचारतो, दीदी, मीठ किती?
मी सांगते.
मग जरा थांबून पुन्हा सांगते.